तलावाकाठी रंगवलेले सात दगड

माझे वडील शाळेत पीटीचे मास्तर होते. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली, पण सकाळी साडेपाचला ते अजूनही घराबाहेर पडतात. अंबाझरी तलावाच्या मागच्या बाजूला साग-बाभळींच्या झाडीतून एक पायवाट जाते, थोडी तलावाकाठाने, थोडी आतून, सात वळणं घेत. तिच्यावरून ते तीस वर्षं पळत आले आहेत. लोक त्या वाटेवर फिरायला येतात, गप्पा मारतात, ढेकर देतात. बाबा पळतात, आणि बाकीच्यांकडे शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून उशिरा येणाऱ्या मुलांकडे पाहावं तसं पाहतात.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढलं, त्याची कड पेनने काळी करत आणली आणि मधली रुपयाएवढी जागा तेवढी कोरी ठेवली. म्हणाले, "कडेचं गेलं ते परत येत नाही. मधलं थेंब घालून जपायचं."

बाबांनी कागद नाकाजवळ धरून पाहिला. "मधातलं दिसते ना? मग झालं. मी वाटेच्या मधातूनच पळतो."

स्कूटरची चावी त्यांनी त्याच दिवशी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली, एका शब्दानेही कुरकुर केली नाही. पेपर वाचून दाखवायचं काम आईकडे गेलं, तेही चाललं. पळण्याचा विषय काढला की मात्र ते उठून अंगणात जात. शेवटी आईने कायदा केला. एकदा पडलात किंवा एकदा वाट चुकलात, की जोडे माळ्यावर. बाबांनी तो मान्य केला, कारण आपण पडू किंवा चुकू हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. माझ्या डोक्यातून ते जात नव्हतं. पळणं बंद झालं तर हा माणूस महिनाभरात म्हातारा होईल, अशी मला खात्री होती आणि त्याची भीतीही वाटत होती.

मी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे हेरगिरी माझ्याकडे आली. "तू जा त्यांच्या मागं," आई म्हणाली, "पण दिसू नको." मी चव्वेचाळीस वर्षांची, ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणारी बाई. लिफ्ट बंद असली तर मी रजा टाकण्याचा विचार करते. तरी नवऱ्याचे जुने जोडे घालून तीन दिवस बाबांच्या मागे पळाले. ते वळले की मी सागाच्या झाडामागे उभी राहत असे. सागाचं झाड माझ्यापेक्षा बारीक होतं, पण बाबांना कडेचं दिसत नाही या भरवशावर मी होते.

तिसऱ्या दिवशी ते मागे न पाहता म्हणाले, "काहून वं, किती दिवस येऊन राहिली अशी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डोळे गेले, कान नाही गेले. पहिल्या दिवशी वाटलं म्हैस आहे. म्हैस असती तर चाललं असतं. पोरगी मागं लावून पळणं मले नाही जमत. घरी जा."

गेले घरी. आईला सांगितलं की जातेच आहे मागून, आणि पुढचे आठ दिवस त्या वेळात खाली कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पीत बसले. याची मला लाज वाटायची, पण पाय इतके दुखत होते की लाज दुसऱ्या नंबरवर होती.

तिथे चहा पितानाच ती कल्पना सुचली. डॉक्टरांनी घरातल्या पायऱ्यांच्या कडांना भडक रंग लावायला सांगितला होता, आणि तो लावल्यापासून बाबा जिन्यावर ठेचकाळले नव्हते. मग वाटेलाही का लावू नये? दिवाळीत गेट रंगवून उरलेला ऑइल पेंटचा अर्धा डबा घरात पडला होता. त्याहून भडक रंग शोधून सापडला नसता. केशरी.

रविवारी भर दुपारी, जेव्हा त्या वाटेवर माकडंसुद्धा येत नाहीत, तेव्हा मी डबा, ब्रश आणि रॉकेलची बाटली घेऊन गेले. प्रत्येक वळणावर भोपळ्याएवढा एक दगड हुडकला, वाटेच्या कडेला नीट बसवला आणि चारी बाजूंनी रंगवला. सात वळणं, सात दगड. काम इतकं छान झालं की शेवटच्या दगडापासून चार पावलं मागे जाऊन मी त्याचा फोटोही काढला.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. "प्रत्येक वळणावर केशरी दगड ठेवलाय. दगड दिसला की वळायचं."

"बरं," ते म्हणाले.

सोमवारी परत आल्याबरोबर मी विचारलं, "दिसले?"

"दिसले ना. चांगले दिसते."

तो दिवस मी ऑफिसात फार मोठेपणाने घालवला.

आता हे वाचणाऱ्या कोणालाही जे एव्हाना कळलं असेल, ते मला गुरुवारी कळलं. काम कसं टिकलंय ते पाहायला म्हणून गेले, तर पहिल्या दगडावर जास्वंदीचं फूल. वाटलं, वाऱ्याने पडलं असेल. आजूबाजूला जास्वंद नव्हती. दुसऱ्या दगडापुढे उदबत्ती. तिसरा कोणीतरी पूर्वेकडे तोंड करून बसवला होता. आपल्या चार दिवसांच्या दगडाला तोंड आहे आणि ते कुठल्या बाजूला आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. चौथ्याजवळ सकाळी फिरायला येणाऱ्या एक मावशी हात जोडून उभ्या होत्या. मी जवळ गेले तशा त्या एकदम ओरडल्या.

"अवं बाई, जोडे काढ ना! देवाजवळ जोडे घालून उभी राहून राहिली!"

माझ्या मनात सगळं आलं. मावशी, हा ऑइल पेंट आहे, आमच्या गेटचा आहे, हवं तर घरी चला आणि गेट बघा. पण अनवाणी बाईला हे कसं सांगायचं? मी जोडे काढले. नुसते काढले नाहीत, हातही जोडले, आणि जोडल्यावर सवयीने बाबांचे डोळे सांभाळ असंही म्हणून झालं. जन्म ज्या प्रदेशात काढला तिथे झाडाखालच्या केशरी दगडाचं काय होतं, हे मला कोणी वेगळं सांगायला नको होतं. निळा रंग घेतला असता तर काही झालं नसतं. आणि सहा दगड असते तरी एक वेळ निभावलं असतं. मी तलावाकाठी मोजून सात ठेवले होते.

शनिवारी बाबा साडेसातपर्यंत आले नाहीत. एरवी पावणेसातला ते अंगणात पाय ताणत असतात. आई गेटाशी उभी होती आणि मी तिच्या शेजारी, घरच्या कपड्यांत.

"तू मागं नाही गेलीस?" तिने विचारलं.

उत्तर द्यायचं टाळून मी पळाले. आयुष्यात पहिल्यांदा खरी पळाले. पहिल्या वळणावर दगड नव्हता, दगडाच्या जागी ओली माती आणि मुंग्या होत्या. दुसऱ्या वळणावर नाही. तिसऱ्यावर नाही. मी "बाबा" म्हणून हाका मारत होते आणि डाव्या हाताला तलावाचं पाणी दिसत होतं, ते बघवत नव्हतं. बाईने दगड रंगवले आणि म्हातारा एकटा सोडून चहा पीत बसली, हे वाक्य माझ्या डोक्यात कोणीतरी मोठ्याने म्हणत होतं.

पाचव्या वळणाच्या खाली, काठावर, घंटेचा आवाज आला. खाली उतरले. विटांचा एक लहानसा ओटा, त्यावर माझे सातही दगड ओळीने बसलेले. हळद, कुंकू, प्रत्येकीपुढे हिरव्या बांगड्या. सातआठ बाया, त्यांत जोड्यांवाल्या मावशीही. आणि मध्यभागी, चटईवर, पळसाच्या पानावर दहीभात खात बसलेले बाबा. पायजमा गुडघ्यावर फाटलेला आणि जखमेवर बचकभर हळद.

"साती आसरा निघाल्या इथं," मावशींनी मला सांगितलं. "आपोआप. पाण्याच्या देवी त्या. बिचाऱ्या सात ठिकाणी विखुरल्या होत्या. म्हटलं, बहिणी-बहिणी एका जागी राहू द्या. अन् हे बाबाजी झाडीत चाचपडून राहिले होते, त्यायले घेऊन आलो."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दहीभात खाल्ला.

परत येताना बाबा लंगडत होते, पण हात धरू देत नव्हते. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे. दगड हलवले म्हणून तुम्ही चुकलात."

"दगड मले कधी दिसलेच नाही वं."

मी उभी राहिले. "सोमवारी तर म्हणालात, चांगले दिसतात!"

"तुझा अख्खा रविवार गेला होता त्याच्यात." ते थोडं चालले. "वाट पायाले पाठ आहे, त्याले दगड कशाले लागते? पण आज म्हटलं, पोरीनं एवढं केलं, एक तरी पाहून घ्यावा. इकडे वाकलो, तिकडे वाकलो, कुठंच नाही. मग पायच विसरले कुठं होते ते."

पुढच्या वळणापर्यंत मी नाक पुसत होते. मग म्हटलं, "आईला सांगायची गरज नाही. पायजमा मी शिवून टाकते. उशीर का झाला, तर ओळखीचं कोणी भेटलं."

गेटाशी आई होतीच. तिने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "पडलो. वाटही चुकलो. दोन्ही झालं." आणि पायरीवर बसून जोड्यांच्या नाड्या सोडल्या. एक जोडा, दुसरा जोडा, दोन्ही जुळवून आईच्या हातात दिले.

आई वर्षभर याच वाक्यासाठी भांडत होती. आता ते मिळालं तर ती जोडे धरून नुसती उभी राहिली. माळ्याची शिडी मागच्या खोलीत होती, तिकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने तिने जोडे रोजच्या जागी ठेवले. "एकटं जायचं नाही, एवढंच म्हटलं होतं मी," ती म्हणाली. तसं ती कधीच म्हणाली नव्हती. आम्ही तिघांनीही ते खरं मानलं. मग ती गुडघा धुवायला गरम पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही. आत नळ चालू होता.

गुडघा भरल्यावर आम्ही दोघं जाऊ लागलो. माझ्या ओढणीचं एक टोक माझ्या मुठीत, दुसरं बाबांच्या. ठरलं असं की मी अर्धं पाऊल पुढे राहायचं आणि त्यांना वाट दाखवायची. प्रत्यक्षात ते पुढे असतात आणि मी मागून ओढली जाते. फिरायला येणारे लोक कौतुकाने बघतात की मुलगी बापाला किती सांभाळते, आणि त्या मुलीला दम लागल्यामुळे खरं काय ते सांगता येत नाही. साती आसरांपाशी जोडे काढायला थांबतो, ती माझी एकुलती एक विश्रांती. दर वेळी बाबा हात जोडतात आणि गंभीर चेहऱ्याने विचारतात, "रंग टिकून आहे ना?"

परवा चौथ्या वळणाशी ओढणी एकदम सैल झाली. मला वाटलं, ठेच लागली. बाबा उभे होते, मान थोडी तिरकी, चेहरा माझ्याकडे. तीस वर्षांत या वाटेवर त्यांनी कोणाला रस्ता विचारलेला मी ऐकला नव्हता.

"इथून कुठं जायचं वं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या पायांना ते वळण पाठ होतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खरंच आठवत नव्हतं की माझ्यासाठी विचारलं, ते कळायला मार्ग नव्हता, आणि मी विचारलंही नाही.

"डावीकडे, बाबा," मी म्हटलं. आणि ते माझ्या मागोमाग वळले.