दमयंती रजई आणायला गेली

परळला पोयबावडीजवळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून तिसऱ्या खोलीत दमयंती घाडी राहायची. चाळीतल्या बायका तिचं फार कौतुक करायच्या आणि कौतुक करून झालं की आपापल्या कामाला निघून जायच्या. तिची सासू गुणवंतीबाई हिला पंचेचाळीस साली अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि त्यानंतर ती खाटेवरून कधी उतरली नाही. तिला पुसायचं, भरवायचं, भांडं द्यायचं, दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हे सगळं दमयंती करायची. नवरा वसंत गिरणीत टाइमकीपर होता. माणूस शांत, निर्व्यसनी. घरी आला की आईच्या खाटेजवळ जाऊन "बरी आहेस ना?" विचारायचा आणि गॅलरीत पेपर घेऊन बसायचा. मूल झालं नव्हतं. म्हणजे खोलीत माणसं तीन, पण सासूजवळ बसायला माणूस एकच.

छप्पन्न सालापर्यंतच्या अकरा वर्षांत दमयंती मालवणला भावाच्या लग्नाला गेली नाही. आई आजारी असल्याचं पत्र आलं तेव्हा वसंत म्हणाला, "जायला हवं खरं, पण इथे कोण?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी तार आली.

बाहेर पडणं म्हणजे भाजी, रेशन, आणि वर्षातून दोनदा लालबागला नानांचं दुकान. नाना सामंतांचा गादी कारखाना म्हणजे जेमतेम दहा बाय पंधराचं दुकान. समोर उशा, सतरंज्या, सोलापुरी चादरी, पडद्यांचे तागे आणि मागच्या बाजूला शिलाईची दोन मशिनं. खाटेवरच्या माणसाचं अंथरूण लवकर झिजतं, म्हणून दिवाळीच्या आधी चादरी आणि अभ्रे घ्यायला आणि थंडीत रजईचं बघायला दमयंतीला तिथे जावं लागे. चादरी घेऊन झाल्या की ती पडद्याच्या कापडापाशी उभी राहायची. लग्नाआधी तिचा हात शिवणात चांगला होता. गावात आईच्या मशिनवर तिने मामलेदाराच्या घरचे पडदे शिवले होते. इथे तिच्या खोलीला एकच खिडकी, तीही गॅलरीत उघडणारी. तिला पडदा कशाला लागतोय? पण ती कापडाचा पन्ना बोटांनी मोजायची, ताणून बघायची. तेवढ्यात नाना म्हणायचे, "वहिनी, उलगडून दाखवू का?" की ती दचकून म्हणायची, "नको, मला उशीर होतोय."

छप्पन्न सालच्या जानेवारीत थंडी चांगली पडली होती. संक्रांतीच्या चार दिवस आधी दमयंतीने सासूची जुनी रजई नानांकडे टाकली. कापूस पिंजून, नवी खोळ घालून संक्रांतीपर्यंत मिळायची होती. संक्रांत झाली, रजई आली नाही. सासूच्या अंगावर दोन नऊवारी लुगडी आणि एक विटकी कांबळ घालून ते दिवस काढले. सोमवारी रात्री रेडिओवर सांगितलं, की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहील. मंगळवारी सकाळी भोंगा झालाच नाही. गिरणी बंद, ट्राम बंद, पोरं नाक्यावर घोषणा देत होती. वसंत घरीच होता.

दुपारी जरा शांत झालं तेव्हा दमयंतीने पदर खोचला. "मी रजई घेऊन येते. आई रात्रभर कुडकुडतात."

"आज?" वसंत म्हणाला. "आणि आईला कोण बघणार?"

"अहो, तुम्ही आहात ना घरात."

वसंतने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हे त्याला आत्ताच कळत होतं. "लवकर ये," तो म्हणाला.

दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. शेवटची फळी सरकवून नानांनी तिला आत घेतलं. आत मशिनवर जाईबाई होती, नायगावच्या बीडीडी चाळीतली. नवरा गेल्यावर सात वर्षं ती इथे शिवत होती. रजईत कापूस भरून झाला होता, पण टाके घालायचे राहिले होते.

"अर्धा तास बसा, ताई," जाईबाई म्हणाली. "टाक्यांशिवाय नेलीत तर घरी पोचेपर्यंत सगळा कापूस एका कोपऱ्यात."

अर्धा तास म्हणून दमयंती बसली. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, तोच रस्त्यावर मोठा गलका उठला. माणसं धावल्याचा आवाज, काचा फुटल्याचा आवाज, आणि मग कोरडे, एकामागून एक बार. नानांनी शेवटची फळी लावून आडणा घातला. फटीतून डोळ्यांना झोंबणारा धूर आत यायला लागला. तिघंही ओल्या फडक्यांनी तोंड झाकून मागच्या भिंतीशी बसली. मग बऱ्याच वेळाने कर्ण्यावरून ओरडत एक गाडी गेली. कर्फ्यू लागला होता. दिसेल त्याला गोळी.

दमयंती उठून थेट दाराकडे गेली.

"वहिनी, कुठे?"

"मला घरी जायला हवं. तीनला आईंची कूस बदलायची असते."

"बाहेर बघा आधी," नाना म्हणाले.

तिने फटीला डोळा लावला. रस्ता रिकामा होता. इतका रुंद रस्ता तिने कधी पाहिला नव्हता. मधोमध चपलाच चपला पडल्या होत्या, बायकांच्या, पुरुषांच्या, एका लहान मुलीची पट्ट्याची चप्पल. पलीकडच्या फूटपाथवर दोन माणसं तिसऱ्याला खांद्यांना धरून ओढत नेत होती आणि त्याच्या टाचा रस्त्यावर घासत होत्या. दमयंतीने आडण्यावरचा हात काढला.

पण बसवेना. नानांच्या भिंतीवर घड्याळ होतं. तीन वाजले, तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "कूस." चारला म्हणाली, "चहा. बशीत ओतून द्यावा लागतो." पाचला, "भांडं." वसंतला भांडं कुठे ठेवलंय तेसुद्धा माहीत नव्हतं. सासूच्या पाठीवर एकदा जखम झाली होती, ती भरायला चार महिने लागले होते. ती दाराशी जायची, परत यायची. चार पावलं तिकडे, चार पावलं इकडे, की उशांचा ढीग लागायचा.

"ताई," जाईबाई शेवटी म्हणाली, "तुमच्या चालण्याने तिथे कूस बदलत नाही. या, दुसऱ्या बाजूने टाके घाला."

दमयंतीने सुई घेतली. रजई मधे पसरून दोघी समोरासमोर बसल्या. पहिले चार टाके वेडेवाकडे आले. मग हाताला जुनी ओळख पटली. दिवे लागायच्या सुमाराला रजई पूर्ण झाली, तेव्हा जाईबाईने तिच्या बाजूवरून तळवा फिरवला आणि आपल्या बाजूचे दोन टाके उसवून पुन्हा घातले.

जेवायची वेळ झाली. नानांच्या डब्यात सकाळचा भात होता, तो विटला होता. जाईबाईने आपला डबा उघडला. भाकरी आणि झुणका. तिच्या मशिनवरच्या भिंतीला बाबासाहेबांचा फोटो खिळ्याला लावलेला होता. डबा पुढे करताना जाईबाईचा हात अर्ध्यावर थांबला. दमयंतीला कळलं तो का थांबला. सासरी, माहेरी, कुठेच आजवर ती अशा डब्यातलं जेवली नव्हती. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "झुणक्यात लसूण चांगला पडलाय." नानाही मुकाट्याने जेवले.

त्या रात्री ती नव्या गादीवर आडवी झाली ती सकाळीच उठली. मधे एकदाही डोळा उघडला नव्हता. फटीतून आलेलं ऊन अंगावर पाहून ती ताडकन उठून बसली. अकरा वर्षांत असं झोपणं झालं नव्हतं. आणि हातपाय हलके वाटत होते, याची तिला इतकी शरम वाटली की ती भिंतीकडे तोंड करून रडली. जाईबाईने बघून न बघितल्यासारखं केलं.

बुधवार सगळा आत गेला. बाहेर मधेच बार ऐकू यायचे. एका लग्नघरचे पडदे अर्धे बेतून पडले होते. दमयंतीने आपण होऊन कात्री घेतली. नानांना आधी धाकधूक वाटली, मग ते स्टूल ओढून बघत बसले. मोठी केशरी फुलं होती कापडावर. दोन पडद्यांच्या जोडावर फूल तुटू न देता ती कापत गेली.

"कुठे शिकलात?" नानांनी विचारलं.

"गावी."

"आणि इतकी वर्षं माझ्याकडून शिवलेले अभ्रे विकत नेताय?"

दमयंती हसली. "घरी मशीन ठेवायला जागा नाही. आणि मशीनचा आवाज झाला की आईंना झोप लागत नाही."

"तुमचा माणूस बघत नाही त्यांना?" जाईबाईने विचारलं.

"त्यांना जमत नाही."

"करून बघितलं त्यांनी?"

हा प्रश्न घरात कधी कुणी विचारलाच नव्हता, तिनेसुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी दूध-भाजीसाठी दोन तास कर्फ्यू उठला. नाना म्हणाले, "वहिनी, सरळ जा, कुठे थांबू नका." रजईची वळकटी खांद्यावर टाकून दमयंती निघाली. भारतमाता सिनेमापर्यंत ती जवळजवळ धावली. मात्र आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिची चाल मंदावली. ती नळापाशी उभी राहिली. वर गेल्यावर दोनच गोष्टी दिसणार होत्या. एक तर सासूचे हाल झालेले असणार, कदाचित ती राहिलीही नसेल. नाही तर सगळं ठीक असणार. यातल्या कशाची जास्त भीती वाटतेय, हे तिला सांगता आलं नसतं. नळावरच्या बाईने हटकलं, "गे दमयंती, आलीस? तुझा घो काल दोनदा नाक्यापर्यंत आला तुला बघायला. माणसांनी ओढून मागे नेला." तेव्हा ती जिना चढली.

गॅलरीत दोरीवर सासूची चादर वाळत होती. धुतलेली, पण पिळायची कशी ते न कळल्यामुळे टपटप गळणारी. आत गुणवंतीबाई डाव्या कुशीवर होती. पाठीशी उशी नीट लावलेली. केसांचा भांग वाकडा पडला होता, पण केस विंचरलेले होते. वसंत खाटेपाशी उकिडवा बसून पितळी घमेल्यातल्या पाण्याने आईचे पाय पुसत होता. दाढी वाढलेली, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.

त्याने वर पाहिलं. "मला वाटलं, तू..." एवढंच म्हणाला. मग उठला, घमेलं तिच्या हातात दिलं, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि गॅलरीत गेला. जाताना म्हणाला, "आता तू आलीस, बघ बाई तुझं."

दमयंती खांद्यावर रजई आणि हातात घमेलं घेऊन तशीच उभी राहिली. पाणी अजून कोमट होतं. त्याने पाणी गरम केलं होतं. म्हणजे स्टोव्ह पेटवला होता, हात घालून बघितलं होतं. सगळं येत होतं त्याला. दोन दिवसांपूर्वी दुकानाच्या बंद दाराशी तिचा जीव जेवढा घुसमटला नव्हता, तेवढा आता उघड्या दाराच्या खोलीत घुसमटला.

ती खाली बसली आणि उरलेला पाय पुसू लागली.

"खंय होतंस?" गुणवंतीबाईने विचारलं. झटक्यानंतर तिची जीभ जड झाली होती, पण दमयंतीला शब्द न् शब्द कळायचा.

"नानांच्या दुकानात. अडकले होते."

"काय खाल्लंस?"

"भाकरी-झुणका. जाईबाईंच्या डब्यातला."

म्हातारीने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "निजलंस?"

दमयंतीचा हात थांबला. "हो. रात्रभर."

"बरा झाला." गुणवंतीबाईने गॅलरीकडे डोळे वळवले. "तेनी सगळा केल्यान. तो पयल्या दिसा रडलो. मगे केल्यान. तेका हात आसत, माका ठावक होता."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुजे हात मऊ," म्हातारी म्हणाली. "म्हणान गप रवलंय. माजा पाप."

दमयंतीने तिच्या अंगावर रजई घातली. तिला राग आला होता, आणि त्या अर्ध्या मेलेल्या देहावर राग धरायलाही जागा नव्हती.

पुढच्या आठवड्यात रस्ते सुरू झाले, गिरणीचा भोंगा वाजू लागला. नानांनी निरोप धाडला, लग्नसराईचे पडदे पडून आहेत, येता का. दमयंतीने तीन दिवस वसंतला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तो जेवत असताना म्हणाली, "मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्ही पहिल्या पाळीवरून आलात की मी दुकानात जाणार. चार ते सात."

"चाळीत लोक काय म्हणतील? आणि आईचं?"

"लोक कौतुक करतील. तुमचं."

वसंत ताटावरून उठायला लागला. तेव्हा खाटेवरून आवाज आला. "वसंता. जांव दी तिका." म्हातारी एवढंच बोलली आणि तिने डोळे मिटून घेतले.

असे तिला आठवड्याचे सहा तास मिळाले. कुणी म्हणेल, एवढंच? एवढंच. त्यातही पहिलं वर्षभर तिचं लक्ष घड्याळावर असे, आणि सातला पाच कमी असताना ती सुई अर्ध्या टाक्यात सोडून निघे. वसंत कधी कुरकुरायचा, कधी मुद्दाम उशिरा यायचा. दिवाळीच्या गर्दीत नानांना माणूस हवा असताना नेमकी सासू आजारी पडायची. पण मंगळवार आणि शुक्रवार तिने सोडले नाहीत. आईच्या पाठीला तेल कसं लावायचं हे वसंत शिकला आणि एकदा शिकल्यावर दमयंतीलाच सांगू लागला, की तुझी पद्धत चुकते.

गुणवंतीबाई साठ सालच्या मार्चात गेली. दीड महिन्याने महाराष्ट्र राज्य झालं, लालबागला घराघरांवर तोरणं लागली, नानांच्या दुकानातले भगव्या कापडाचे तागे संपले. चाळीतल्या बायका म्हणाल्या, "सुटलीस गो बाई." दमयंती दिवसभरासाठी दुकानात जायला लागली. नानांनी तिला रस्त्याकडच्या दारापाशी मशीन दिलं, वारा येतो म्हणून. दोन दिवस ती तिथे बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नाना, मला आतलंच द्या. इथे मन लागत नाही, सारखं कुणीतरी हाक मारेल असं वाटतं."

जाईबाईने आपलं मशीन बाजूला सरकवून तिला जागा करून दिली. दिवाळीचे पडदे त्या वर्षी दोघींनी आतच बसून शिवले.