सायकलसम्राटाची जुनी टायरं

रंगूबाईला नवरा डोळ्यांसमोर नकोसा झाला होता, आणि धंदा असा की दिवसभर माइकवरून त्याचंच गुणगान करायचं. घरात तिनं कधी त्याचं नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पण गावोगावच्या मैदानात कर्ण्यातून तिचा आवाज घुमायचा : सायकलसम्राट अर्जुना, सात दिवस सात रात्री, पाय जमिनीला लागणार नाही. लोक टाळ्या वाजवायचे. आणि सम्राट फेरी मारून तिच्या टेबलाजवळ आला की ओठ न हलवता म्हणायचा, आवाज चढव, जेवली न्हाईस का.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. सायकलवाला गावात यायचा, शाळेच्या मैदानात चुन्याचा गोल आखायचा आणि आठवडाभर त्यात फिरत राहायचा. भाकरी सायकलवर, अंघोळ सायकलवर, डुलकीसुद्धा सायकलवर. पाय टेकला की खेळ खलास. आष्ट्याचा हा अर्जुना सायकल झकास चालवायचा, खोटं कशाला बोला. पण माणूस म्हणाल तर एक नंबरचा हेकट. बायकोनं उजवीकडं म्हटलं की याचं हँडल डावीकडं वळलंच म्हणून समजा.

मागल्या उन्हाळ्यात कडेगावात त्याचा पाय टेकला. पोरांनी अशी हुर्यो उडवली की एसटीत बसेपर्यंत पाठ सोडली नाही. अर्जुनानं खापर फोडलं टायरांवर. म्हणे नवी टायरं घातली तिथंच चुकलं. नव्या नक्षीत मुरूम भरतो, सायकल जड जाते, गुडघे जातात. रंगूबाई म्हणाली, टायराला कशाला नावं ठेवता, तुमचा डोळा लागला. त्यावरून दोघांचं जे वाजलं ते वर्षभर वाजतच राहिलं. त्यानं नवी टायरं रागारागानं विकून टाकली आणि जुनी परत चढवली.

कडेगावानंतर कुठलंही गाव बोलवेना. शेवटी वडूजनं बोलावलं, तेही रंगूबाईचा भाऊ ज्ञानू यानं चार लोकांत शब्द टाकला म्हणून. वडूज तिचं माहेर. इथं पाय टेकला तर नवऱ्याचं काय जातंय, तो तोंड घेऊन दुसऱ्या तालुक्यात जाईल. नाक कापलं जाणार होतं ते ज्ञानूचं, आणि माहेरचा उंबरा बंद होणार होता तो तिचा. एवढी एकच जागा तिला उरली होती, जिथं गेल्यावर तिला कुणी डाफरत नव्हतं.

म्हणून तिनं नवऱ्याला ओढत सांगलीला सायकलच्या दुकानात नेलं. हाताशी पैसे बेताचे. दुकानदारानं नवी जोडी काढून ठेवली. जाड रबर, बोटानं दाबलं तर दबत नव्हतं. अर्जुनाची टायरं पार गोटा झालेली, नक्षीचा मागमूस नाही, मागच्या टायरात तर आतलं सूत दिसायला लागलेलं. ती म्हणाली, जोडी नको तर नको, मागचं एक तरी नवं घ्या, सगळा भार त्याच्यावर असतो. पुढं राहू दे तुमचं लाडकं जुनं. तो म्हणाला याच टायरांवर मी नाव काढलंय, लोण्यावानी पळत्यात, आणि बायकांनी टायरात डोकं घालू नये. एवढं बोलून गडी कापडाच्या दुकानात शिरला आणि त्याच पैशांतून चंदेरी सॅटिनचा सदरा शिवायला टाकला. सम्राटाला शोभला पाहिजे ना!

वडूजला गर्दी मात्र लय जमली. जुनी टायरं खरंच हलकी पळत होती. तो दर फेरीला तिच्याकडं असा बघायचा की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पुढं पुढं लोक बक्षीस द्यायला लागले. पद्धत अशी की पळत पळत जायचं आणि नोट टाचणीनं सदऱ्याला लावायची. कापड झुळझुळीत, टाचण्या धरेनात, मातीत पडायला लागल्या. रंगूबाईनं लगेच माइकवरून विनंती केली की नोटा टेबलावर द्याव्यात. तर त्यानं हँडलवरचा एक हात सोडला आणि छाती ठोकून दाखवली. इथं लावा, इथं. ज्ञानूनंही आपली नोट तिथंच लावली. दाजींचा मान ठेवायला नको?

शेवटच्या दिवशी उन्हं कलली, खेळ संपायला तासभर राहिला आणि मागचं टायर बसलं. अर्जुना रिमवरच पायडल मारत राहिला. खडखडाट सगळ्या मैदानाला ऐकू येत होता. टेबलाजवळ येऊन तो तिच्यावर खेकसला, "सांग माइकवर. वडूजच्या माणसांनी मुद्दाम टाचण्या टाकल्या म्हणून. तुझ्या भावाचं नाव घे."

रंगूबाईनं ऐकलं. माइक टेबलावर ठेवून दिला. पण पुढच्या फेरीला तो पुन्हा आला, आणि नाव घेतीस का न्हाई म्हणून तिच्या आईवरून बोलला. आई समोरच बायकांत बसली होती, लेकीकडं बघत.

रंगूबाईनं माइक तोंडाशी धरला. रोजची छापील भाषा तिला सुचलीच नाही.

"वडूजच्या माणसांनी काय बी केलं न्हाई. टायर जुनं हाय, आतलं सूत दिसतंय, कुणी बी येऊन बघा. नवं घ्या म्हणून मी यांच्या पाया पडले. यांनी सदरा शिवला."

हँडल डुगडुगलं. सायकल एका अंगाला कलली आणि अर्जुनाचा पाय मातीत टेकला. कुणी हुर्यो केली नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. तो सायकल धरून टेबलापाशी आला आणि म्हणाला, बोचकं उचल, चल. ती उठली नाही. ज्ञानू पुढं यायला लागला तर तिनं हातानंच त्याला थांबवलं.

मग तो एकटाच सायकल ढकलत फाटकाकडं निघाला. वाटेत माणसांची भिंत उभी होती. रंगूबाईनं पुन्हा माइक घेतला. आता आवाज तोच होता, गावोगाव गाजलेला, घोटीव.

"बंधू-भगिनींनो, सायकलसम्राट अर्जुना आता पायी निघाले आहेत. कृपया वाट द्यावी."

लोकांनी वाट दिली.