दोन अर्थिंगची इमारत

खुदैर वायरमन इराकमधल्या अख्ख्या बसरा शहरात भित्रा म्हणून प्रसिद्ध होता. अठरा वर्षांपूर्वी त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत विजेच्या खांबावर तारेला चिकटून मेला. तेव्हापासून बंद तारही तीनदा तपासल्याशिवाय तो तिला हात लावत नसे. चहाच्या टपरीवर लोक म्हणत, "यानं लग्नात नवरीलाही आधी टेस्टर लावला असेल!"

ऑगस्टमधल्या एका दुपारी एका तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या उम्म रशा नावाच्या बाईनं त्याला बोलावलं.

"नळ आणि धुण्याचं मशीन एकदम धरलं की मुंग्या यायच्या, बाबा. आज तर कोणी हात पिरगाळावा तसं झालं."

खुदैर मीटर घेऊन खाली उतरला. इमारतीत वीज दोन वाटांनी यायची, एक सरकारी आणि दुसरी गल्लीतल्या जनरेटरची. सरकारी लाइनची अर्थिंग पाण्याच्या पाइपांना जोडलेली होती आणि जनरेटरची फाटकाजवळच्या वेगळ्या सळईला. दोन्ही एकमेकींना जोडायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्यानं दोन्ही तारांमध्ये मीटर धरला. एकशे सत्तर व्होल्ट!

 कुठल्यातरी मशीनची मोटर जळाली होती आणि सळई कोरड्या मातीत असल्यामुळे फ्यूज उडत नव्हता. म्हणजे जनरेटरवर चालणाऱ्या प्रत्येक मशीनच्या पत्र्यात वीज खेळत होती, तिन्ही मजल्यांवर. आणि इथल्या मोऱ्या इतक्या अरुंद, की नमाजाआधी वजू करताना पाय धुवायला उचलला की माणूस मशीनवरच हात टेकणार.

तेवढ्यात दुपारची अजान सुरू झाली.

"नळाला हात लावू नका! कुणीही लावू नका!" तो जिन्यात ओरडला. अजानच्या भोंग्यात त्याचा आवाज विरून गेला.

जनरेटरची पेटी फाटकापाशीच होती, पण तिला कुलूप होतं आणि किल्ली जनरेटरचा मालक जब्बार याच्याकडे, तीन गल्ल्या पलीकडे. खुदैरनं हातोडा उचलला. हात घामानं निसटत होते आणि डोळ्यांपुढे तो खांब उभा होता. आत उघडी तार असली तर? पहिला घाव हुकला. दुसरा बसला. तिसऱ्याला कुलूप तुटलं. डोळे गच्च मिटून, हातोड्याच्या लाकडी दांड्यानं त्यानं मेन खटका खाली पाडला.

मग तो प्रत्येक दार ठोठावत तिसऱ्या मजल्यापर्यंत धावत गेला. निवृत्त मास्तर मुनइम ओल्या फरशीवर बसले होते, एक पाय भिजलेला, चेहरा पांढराफटक.

"सैतानानं धरलं होतं रे," ते पुटपुटले, "आणि एकदम सोडून दिलं."

खुदैर त्यांच्याशेजारीच मटकन बसला. दोघांपैकी कोण जास्त कापत होतं, ते सांगणं अवघड होतं.

खाली जब्बार येऊन थयथयाट करत होता. "माझं कुलूप फोडलंस? तुझ्या बापाची पेटी आहे का?"

"मास्तरांना विचार," खुदैर म्हणाला. "वर जा आणि विचार."

जब्बार वर जाऊन आला आणि फावडं शोधू लागला.

जळालेली मोटर दुसऱ्या मजल्यावर सापडली. संध्याकाळपर्यंत दोघांनी फाटकाशी खोल, ओल्या मातीत नवी सळई ठोकली. दोन्ही लाइनींच्या अर्थिंग आणि पाइप, सगळं जाड तांब्याच्या तारेनं तिथं एकत्र बांधलं. मीटर शून्यावर आला. खुदैरनं तो तीनदा लावून पाहिला. मग उम्म रशाला चौथ्यांदा लावायला लावला.

त्याची भीती काही गेली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका दुसऱ्या कुठल्याच वायरमनला घरात घेईनात.