कोडं बांधणारे अण्णा

अण्णांच्या शेडच्या दारात उभं राहिलं की आतून एकच प्रश्न यायचा, "कोण आलंय?" आपण आपलं नाव सांगितलं तर दार उघडत नसे. "ती माधुरी बाहेरच राहू दे," अण्णा आतून म्हणायचे, "तिचं हितं काय काम न्हाय." मग मी गल्लीत कुणी बघत नाही ना याची खात्री करून हळूच म्हणायचे, "मागवाली आलीय." लगेच कडी निघायची. दारात अण्णा उभे. चष्मा कपाळावर चढवलेला आणि चेहऱ्यावर असा आनंद, की माधुरी नावाची मुलगी त्यांनी कधी पाहिली नसावी, पण मागवालीची मात्र ते आठवडाभर वाट बघत असावेत.

अण्णा विणकरांच्या घरातले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि समोरच्या गल्लीत रिक्षाच्या सुट्या भागांचं दुकान असलेल्या असलमभाईंशी दखनी. वडिलांच्या काळातच माग विकले गेले होते आणि रिकामी शेड तेवढी उरली होती. अण्णा एका कारखान्यासाठी चादरींची नक्षी काढायचे; दिवसभर कॉम्प्युटरवर चौकटींत रंग भरायचे. रविवारी सकाळी मात्र ते त्या शेडमध्ये एक शहर उभं करायचे. खडूनं जमिनीवर रस्ते, खोक्यांचे दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजाला एक कोडं. आम्ही खेळणारे चार-पाच जण, सगळी मोठी माणसं. असलमभाई त्या शहराचे पहारेकरी होते. मी मागवाली, म्हणजे पावलांचा माग काढणारी. "आमच्या घरात माग म्हणजे कापडाचा," अण्णा म्हणाले होते, "तुझा पावलांचा. नाव एकच हाय की, घे."

त्यांची कोडी हाताला लागणारी असायची. एकदा नक्षीच्या मागाला लागणारी, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची जुनी कार्डं त्यांनी आमच्यापुढं टाकली आणि शेजारी एक वर्तमानपत्राचं पान ठेवलं. आम्ही डोकं खाजवत बसलो. शेवटी असलमभाईंनी एक कार्ड उचलून त्या पानावर ठेवलं, तर भोकांतून सुटी सुटी अक्षरं दिसली आणि त्यांतून 'उत्तरेकडे जा' असं वाक्य झालं. असलमभाई एवढे खूश झाले की दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी हलेनात. "क्या बी बोलो अण्णा," ते म्हणाले, "घर में कोडा सुलझाया तो बीवी बोलती, टाइमपास करता. इधर सुलझाया तो दरवाजा खुलता."

खरी गंमत तीच होती. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मीही सोडवायचे; सुटलं की पान उलटून टाकायचं आणि आपण होतो तसेच राहायचो. अण्णांच्या खेळात दार उघडलं की उघडणाराही बदलायचा. मागवालीनं एक खूण ओळखली की पुढच्या वेळी तिला आणखी बारीक खूण दिसायची, म्हणजे अण्णा ती फक्त माझ्याच कानात सांगायचे. मग बाकीचे माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. आयुष्यात माझ्या तोंडाकडं कुणी असं बघितलं नव्हतं. कोणी उतावीळपणे उत्तर बोलून टाकलं की अण्णा हात वर करायचे. "उत्तर ऱ्हाऊ द्या. कोण बोलतंय ते सांगा आधी."

मी तेव्हा चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीच्या डिस्पॅच विभागात नवीन लागले होते. साहेबांसमोर माझा आवाज घशातच राहायचा. एका दुपारी माल भरून निघालेल्या ट्रकच्या मागच्या दाराचं सील मला वेगळं दिसलं. रंग तोच, पण तार उलटी वळवलेली. सगळे घाईत होते. मला काय झालं कोण जाणे, मी ट्रकसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "गाडी सोडू नका." दार उघडलं तर अर्धी खोकी बदललेली. रविवारी अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते उठून उभेच राहिले. "ती तू न्हाई बोललीस. मागवाली बोलली. आता तिला घरी ठिवून घे, परत शेडमदी सोडून जाऊ नको."

त्या माणसावर माझा जीव होता, तो असा. वडील माझे लहानपणीच गेले. पण म्हणून मी त्यांना वडिलांच्या जागी मानलं, असं नाही. ते मला कुणाच्याच जागी नको होते. ते होते तसेच हवे होते.

एका रविवारी बाकीचे चहाला बाहेर गेले आणि आम्ही दोघंच शेडमध्ये उरलो. खडू पुसता पुसता अण्णांनी विचारलं, "मागवालीला माग काढायला शिकवलं कुणी?"

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या लहानपणी आईचं डोकं बिघडायचं. आता ती नियमानं गोळ्या घेते, छान आहे. पण तेव्हा कुणाला काही कळत नव्हतं. शाळेतून आले की मी कोपऱ्यावर थांबून घराकडं बघायचे. रेडिओ चालू असला तर दिवस बरा. चपला दारात नीट असल्या तर बरा. खिडकीचा हिरवा पडदा ओढलेला असला, तर मात्र घरात जायचं नाही. तशीच वळून शेजारच्या काकूंकडं जायचं. एकदा चुकून आत गेले होते तेव्हा तिनं भरलेली कळशी माझ्या अंगावर फेकली होती. नंतर तीच रडत माझं डोकं पुसत बसली होती.

अण्णा ऐकत होते. हातातला खडू तसाच, चष्मा कपाळावर, आणि डोळे माझ्यावर असे की पापणी हलत नव्हती. मधेच हळू आवाजात विचारायचे, "पडदा पूर्ण ओढलेला का अर्धा? चपला पालथ्या का नुसत्या विस्कटलेल्या?" इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "हे हितंच ऱ्हाईल, माधुरी." शेडमध्ये त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली, ती तेवढी एकदाच.

पुढं पुण्याच्या एका कंपनीला अण्णांचा खेळ आवडला. मोबाइलवरचा गेम करायचं ठरलं. रविवार आधी एकाआड एक झाले, मग बंद पडले. "कामात हाय, कामात हाय," अण्णा फोनवर म्हणायचे. आम्हाला वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. गेम आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो फोनवर घेतला. पहारेकऱ्याला असलमभाईंसारख्याच मिशा होत्या. मागवालीची वेणी माझ्यासारखी. आमची नावं कुठंच नव्हती, आणि आमचे चेहरे त्यात घेतोय हेही अण्णांनी आम्हाला कळवलं नव्हतं. असलमभाई दुकानात बसल्या बसल्या म्हणाले, "बोलना था ना आदमी ने. हम क्या नको बोलते थे?" एवढंच. मीही तेवढ्यावर सोडून दिलं; दोन-चार दारांपलीकडं खेळलेही नाही.

आईला दुपारी फोनवर रंगीत खडे जुळवायच्या खेळाची आवड. मीच तिच्या फोनवर हा गेम घालून दिला. म्हटलं, लेकीचं चित्र बघून खूश होईल. झालीही. शेजारणींना दाखवत सुटली, "ही वेणीवाली हाय न्हवं, ती आमची माधुरी." ती गेम हळूहळू खेळायची, पण चिकाटीनं. दरवाजामागून दरवाजे उघडत पुढं जायची.

एका सुट्टीच्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. आतून तिनं हाक मारली. आवाज साधाच होता.

"माधुरी, हितं ये. ह्ये आपलं जुनं घर हाय का गं?"

फोनवर एक घर होतं. खिडकीला हिरवा पडदा. दारात चपला. कोपऱ्यात रेडिओ. खाली लिहिलं होतं, 'खुणा ओळखा आणि राक्षसीण जागी आहे की झोपलेली ते सांगा.' आईनं गेममध्ये चुकीच्या वेळी दार वाजवलं होतं. दार उघडून केस मोकळे सोडलेली एक बाई बाहेर येत होती आणि कळशी फेकत होती. फोन थरथरत होता, आणि लहान मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता.

माझ्या हातातून ओला टॉवेल खाली पडला. आई माझ्याकडं बघत होती.

"तू सांगितलंस व्हय कुणाला?"

"हो. अण्णांना."

तिनं पडद्याच्या चित्रावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं केलंस. एवढ्याशा पोरीनं किती दिवस पोटात ठिवायचं." फोन तिनं पालथा करून मांडीवर ठेवला. "पण पडद्याचं त्याला कळलंच न्हाई बग. डोकं फिरायला लागलं की मला आदी कळायचं गं. मग पयला पडदा ओढायचे मी. तू लांबनं बगावं आणि काकूकडं जावं म्हणून."

मी तिच्यासमोर खाली बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, पडदा हा तिच्या आजाराचा भाग होता. आणि ती, स्वतःचं भान सुटायच्या आत, उठून खिडकीपाशी जात होती. माझ्यासाठी.

"मग तू काकूकडं गेलीस की मला बरं वाटायचं," आई म्हणाली. आणि पालथा फोन उचलून, "ह्यानं मला राक्षसीण का केली असंल?"

टॉवेल उचलून दोरीवर टाकला, चपला घातल्या. मी अण्णांकडं गेले.

ते शेडमध्ये नव्हते. वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या घरी गेले, तर तिथं पुण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये जायची बांधाबांध चालली होती. मला बघून मनापासून खूश झाले. बसायला खोकं पुढं सरकवलं. मी उभीच राहिले आणि विचारलं, "ते घर तुम्ही का घातलंत, अण्णा?"

"अगं, तिथंच तर लोक सगळ्यात जास्त अडकतात! कंपनीला तेच आवडलं पहिल्यांदा." मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "तुझं नाव कुटं हाय त्यात? कुणाला कळणार हाय?"

"माझ्या आईला कळलं."

ते चष्मा पुसायला लागले. "गोष्ट तुझी आसंल, माधुरी. कोडं मी बांधलंय."

"हे इथंच राहील असं म्हणाला होतात."

त्यावर त्यांनी चष्मा पुसायचा थांबवला. मला वाटलं, आता एक शब्द बोलतील. त्या एका शब्दावर मी सगळं सोडून दिलं असतं. पण ते म्हणाले, "मी ते खराब न्हाई केलं. बारकाईनं ठिवलंय सगळं. पडदा, चपला, रेडिओ, तू सांगितलंस तस्सं."

"बारकाईनं ठेवलंत," मी म्हणाले. "पण तुमचं कोडं चुकलंय, अण्णा. त्या खुणांचा अर्थच तो नाही."

त्यांनी झटकन मान वर केली. चष्मा कपाळावर गेला. पापणी हलेना. "कुटं? कुटं चुकलं?"

तेच डोळे होते. शेडमध्ये खडू हातात धरून माझ्याकडं बघत होते तेच. त्या दिवशी मला वाटलं होतं, हा माणूस माझ्यासाठी ऐकतोय.

मी वळले. ते जिन्यापर्यंत मागं आले. "एवढं सांगून जा की. पडद्याचं का चपलांचं? माधुरी!" मी जिना उतरत राहिले. खाली रस्त्यावर आले तरी वरून त्यांचा आवाज येत होता.

आईनं तो गेम काढून टाकला आणि पुन्हा रंगीत खडे जुळवायला लागली. ऑफिसात मी आता बोलते. नवीन मुली माझ्याकडून काम शिकतात, आणि ते बोलणं मला अण्णांनी दिलं, हे मी नाकारत नाही. त्यांचे मेसेज अजून येतात. पुण्यात पाणी चांगलं आहे, चादरीची नक्षी काढायची सवय सुटली, असं काहीबाही. मग खाली तेच: चूक कळली तर गेममध्ये अजून सुधारता येईल.

आई कशी आहे, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.