आखाजीची लेक

शाळेची सहल घेऊन कोकणात गेले होते, तिथून एक दगड उचलून आणला. त्याच्यावर पांढरे, खरखरीत, टोकाला भोक असलेले फोड चिकटलेले. एरंडोलला ओट्यावर ठेवला तर गल्ली गोळा झाली. समुद्र कोणी पाहिलेला नाही, पण नाव ठेवायला सगळे पुढे. कोणी म्हणालं, दगडाला देवी आल्या. कोणी म्हणालं, बकरीचे दात.

मी मास्तरीण, शहाणपणा शिकवायची खोड. सांगितलं, हे जीव होते. लहानपणी पाण्यात फिरतात, मग एकदा डोकं टेकून चिकटले की मरेपर्यंत हलत नाहीत.

आई ज्वारी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजे आखाजीनी लेक शे."

सगळे हसले. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, चार दिवसांनी परत जातात. माझी आत्या, आमची अक्का, अशीच आली ती गेलीच नाही. नवऱ्याने दुसरी आणली होती, जाणार कुठे? बावीस वर्षं मागच्या खोलीत राहिली, घरभर राबली. मला तिनेच वाढवलं. ती तेव्हा दारातच उभी होती, हात राखेने भरलेले. सगळ्यात मोठ्याने मीच हसले.

भावाचं लग्न ठरलं होतं आणि ती खोली हवी होती. जा, असं तोंडावर कोण म्हणणार? नावाने काम केलं. गल्लीतली पोरंही तिला त्याच नावाने हाक मारू लागली. महिन्याभरात ती पारोळ्याला एका वसतिगृहात स्वयंपाकाला गेली. मी खोलीचा रंग निवडत होते.

पुढची आखाजी आली. नवी सून माहेरी गेली, आणि खापरावर मांडे करायला घरात कोणी उरलं नाही. तेव्हा आईला नणंद आठवली. तिला आणायला मला पारोळ्याला पाठवलं.

"चल ना अक्का, सण आहे," मी म्हटलं.

"कितला दिन?"

"चार," माझ्या तोंडून गेलं. जीभ झडो माझी.

ती कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "तुन्हा दगडवरना जीव मरी गयात ना?"

"केव्हाच."

"तरी चिकटेलच शेतस?"

"हो."

"मी जित्ती शे," ती म्हणाली, "आन सुटनू."

मला जेवायला वाढलं, एसटीला बसवून दिलं. त्या आखाजीला आम्ही मांडे बाजारातून आणले.