थांब मिस्त्री आणि रिव्हर्सची कर्रर्र

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागे एखादी गाडी रिव्हर्स घेताना कर्रर्र करून ओरडली, की थांब मिस्त्री चहाची बशी तोंडाशी तशीच धरून, मागे वळूनही न पाहता निदान सांगत. "क्लच पुरा दबला नाही." किंवा, "गाडी पुढं सरकून राह्यली अन् यानं रिवस टाकला." फारच क्वचित ते बशी खाली ठेवत आणि म्हणत, "आता मात्र गेराचे दात गेले." बशी खाली ठेवली, की गाडीवाल्याच्या घरी सुतकच. मी तर शपथेवर सांगतो, पार कारंज्याच्या रस्त्यावर कुणी चुकीचा गिअर टाकला तरी या माणसाच्या डाव्या कानाची पाळी हलायची. शपथ खोटी आहे, पण कान खरा होता.

ते मूळचे रिठदचे. खरं नाव त्यांच्या आधार कार्डालाच ठाऊक. आम्ही 'थांब मिस्त्री' म्हणायचो, कारण त्यांचं पहिलं औषध तेच. क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स टाकणारा दिसला, की ते गल्लीच्या टोकावरून 'थांब' म्हणून गर्जत आणि गाडीवालाच काय, रस्त्यावरची गुरंसुद्धा थांबत. मी एकदा कारण विचारलं, तर पाना पुसत म्हणाले, "पुढच्या गेरात पितळेची रिंग असते. ते दोन चाकायची सोयरीक जमवते, मंग गेर बसते. रिवसले कोनी मध्यस्थ नाही बाप्पा. आतलं चाक फिरून राह्यलं तवरिक आपल्यालेच थांबा लागते."

किती थांबायचं? घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. क्लच दाबायचा, समोरच्याला पुरता नमस्कार करायचा आणि मगच रिव्हर्स टाकायचा, ही त्यांची पद्धत. ते स्वतः 'जय भीम' म्हणत, शेजारचे टायरवाले चाचा सलाम करत, आम्ही 'रामराम मंडळी' म्हणायचो. "ज्याले जे म्हनायचं ते म्हना, पन अर्धं नोका म्हनू," एवढीच त्यांची अट. परिणाम असा झाला, की अख्खं गाव रिकाम्या गाडीत बसून भिंतींना रामराम घालू लागलं. दोन चुलतभावांचं बारा वर्षांचं वैर त्यातच मिटलं. एकानं रिव्हर्ससाठी रामराम घातला, तो दुसऱ्याला आपल्यालाच वाटला आणि त्यानं गहिवरून चहा पाजला. बाहेरगावचे लोक म्हणत, मंगरूळचे ड्रायव्हर भारी देवभोळे.

पण एकदा हा मंत्रही चालेना. माझी धाकटी बहीण रंजना शाळेची व्हॅन चालवायची. लायसन्स काढण्यासाठी तिनं सासऱ्यांशी वर्षभर अबोला धरला होता, म्हणजे ही नोकरी तिला कशी मिळाली ते समजा. रोज सकाळी शाळेच्या फाटकात व्हॅन वळवताना रिव्हर्स कर्रर्र करायचा. ती रामराम दोनदा म्हणायची, तिसऱ्यांदा म्हणायची, तरी तेच. संस्थेच्या सचिवांनी निकाल देऊन टाकला, की बाईचा पाय हलका असतो, सोमवारपासून माणूस ठेवतो. रंजना घरी आली ती न जेवता बसली. लायसन्स कपाटात गेलं की ते पुन्हा बाहेर येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मीही मोठा भाऊ म्हणून तिला क्लच कसा दाबावा यावर भाषण दिलं. ते भाषण मला आजही आठवू नये असं वाटतं.

शनिवारी मिस्त्री शाळेत आले. बॉनेट उघडलं नाही, पाना काढला नाही. आधी मला बसवलं. कर्रर्र. मग शाळेच्या दुसऱ्या ड्रायव्हरला. कर्रर्र. मग अगदी अदबीनं सचिवांना. त्यांनी असा आवाज काढला, की प्रार्थनेच्या रांगेतली पोरं कान झाकून खाली बसली. मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावलं आणि पुन्हा गिअर टाकायला सांगितला. गुपचूप बसला. "बंद गाडीत बसते, म्हंजे गेर चांगला हाय. क्लच सुटून नाही राह्यला," ते म्हणाले आणि गुडघे टेकून थेट पायाखाली पाहू लागले.

रबरी चटईखाली लाल गालिचा निघाला, त्याखाली त्याचीच आणखी एक घडी. स्नेहसंमेलनाच्या स्टेजचा उरलेला तुकडा. व्हॅन श्रीमंत दिसावी म्हणून सचिवांनी स्वतः उभं राहून तो अंथरून घेतला होता. त्याच्या जाडीवर पेडल दोन बोटं वरच अडकत होतं. मिस्त्रींनी तो ओढून काढला, झटकला, नीट घडी घालून सचिवांच्या हातात दिला. "साहेब, बाईचा पाय बराबर हाय. खाली जागाच नाही ठेवली तुमी."

रंजनानं रिव्हर्स टाकला. गिअर बसला हे व्हॅन मागे सरकली तेव्हाच कळलं. सचिव म्हणाले, मी केव्हापासून हेच सांगत होतो. सोमवारी व्हॅनवर रंजनाच होती.

तेव्हापासून मिस्त्री येईल त्याला बजावत, "आवाज आला तं आधी पायाखाली पाहा, मंग बाईकडं पाहा." आज तालुक्यात चार बाया शाळेच्या गाड्या चालवतात. बाहेरगावी मी वीस सांगतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे गाडीखाली जाईनासे झाले आणि नांदेडच्या मुलीनं त्यांना बोलावून घेतलं. रंजनानं हट्टानं त्यांना स्वतः वाशिम स्टेशनला सोडलं. ते पुढे बसले, मी मागे त्यांच्या हत्यारांच्या पेटीशेजारी. स्टेशनसमोर कुणाचं वऱ्हाड उतरलेलं, ऑटोंची दाटी, आणि जागा एकच, संत्र्यांचा गाडा आणि भिंत यांच्यामध्ये, तीही उलटं जाऊनच मिळणारी. ऑटोवाले बिड्या हातात धरून बघू लागले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा व्हॅन आत उभी होती, दोन्हीकडे वीतभर जागा सोडून.

"काका, उतरा. आलं स्टेशन," रंजना म्हणाली.

मी वाकून पाहिलं. हनुवटी छातीवर टेकलेली, तोंड किंचित उघडं, बारीक घोरत मिस्त्री गाढ झोपले होते. चौकापर्यंत तर जागे होते, मी म्हणालो.

"मी रिवस टाकला तवाच डोळा लागला त्यायचा, कानाची पाळीबी नाही हलली," ती हळूच म्हणाली.

नांदेडच्या गाडीला अजून वीस मिनिटं होती. मी त्यांच्या खांद्याला हात लावायला गेलो, तर तिनं माझा हात धरला आणि समोर बघत तशीच ताठ बसून राहिली.