अप्पांची निवड

डॉक्टरांनी ‘फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया’ हे नाव घेतलं, तेव्हा मला रडू आलं नाही. मला मालूआत्या आठवली. आता बघते तुझ्याकडे, असं मी मनात म्हणाले.

मालूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, सख्खी धाकटी बहीण. दोघंही नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याची. मी लग्नानंतर नाशिकला इंदिरानगरात आले. ही गोष्ट दोन हजार बाराच्या सुमाराची.

अप्पा कांदा पिकवायचे आणि त्यांच्या निवडीला बाजारात मान होता. मोठा कांदा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, सडका थेट उकिरड्यावर. व्यापारी त्यांची ट्रॉली वरवर पाहूनच बोली लावायचे. त्या वर्षी एकाने सहज आत हात घातला. वर चांगला माल, खाली गोल्टी आणि सडका. लिलाव तिथेच थांबला. भर बाजारात लोक त्यांना चोर म्हणत होते आणि अप्पा हसत उभे होते. त्या हसण्यानेच घात केला.

आधीही काहीबाही झालं होतं. मयताला जाऊन मोठ्याने हसणं, हातगाडीवरची भजी न विचारता उचलणं, सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, शिवी देणं. म्हातारा प्यायला लागला, असं लोक म्हणायचे. अप्पांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

त्या दिवाळीत भाऊबीजेला अप्पा नेहमीसारखे आत्याकडे गेले. मी सोबत होते. गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. आत्याने मांडलेला पाट उचलून भिंतीला लावला.

“चोराला मी नाय ओवाळत. बापाचं नाव बुडवलं यानं.”

अप्पा नुसत्या फरशीवर बसले आणि करंजी खात राहिले. तो भिंतीला लावलेला पाट मी विसरले नाही.

मग डिप्रेशनच्या गोळ्या झाल्या, अंगारेधुपारे झाले. शेवटी मी अप्पांना नाशिकला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. वेटिंग रूममध्ये त्यांनी शेजारच्या आजींच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं. माफी मागता मागता माझा जीव मेटाकुटीला आला.

एमआरआय म्हणजे मेंदूच्या आतले फोटो. त्यात कपाळामागचा भाग आक्रसलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, “लाज, भान, तोल, हे सगळं हा भाग सांभाळतो. तुमचे वडील चोरी करत नाहीत. ते आजारी आहेत.” मी त्यांना हे वाक्य पुन्हा बोलायला लावलं.

कशामुळे झालं, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पेशीत सॉर्टिलिन नावाचं एक प्रोटीन असतं. ते रिसेप्टर आहे, म्हणजे आलेला पदार्थ धरून ठेवतं. कुठला पदार्थ कुठे पाठवायचा, कुठला मोडीत काढायचा, याची निवड ते करतं. ती निवड बिघडली तर पेशींना इजा होते आणि माणसाचं वागणं बदलतं, असा संशोधकांना संशय आहे.

“तुमच्या वडिलांना त्यामुळेच झालं, असं मी सांगू शकत नाही. अभ्यास चालू आहे. इलाजही अजून नाही.”

अप्पांची निवड आत डोक्यातच बिघडली होती, एवढं मला पुरलं. निघताना डॉक्टर म्हणाले, “काही घराण्यांत हा आजार रक्तातून येतो. त्यांच्या भावंडांवरही लक्ष असू द्या.” भावंडं हा शब्द मी पदरात बांधून घरी आणला.

पुढच्या भाऊबीजेला मी अप्पांना घेऊन पुन्हा आत्याकडे गेले. त्याच बायका होत्या. सगळ्यांसमोर एमआरआयची फिल्म धरली आणि आजाराचं नाव सांगितलं. मग आत्याकडे वळले. “तुम्ही दोघं एकाच आईबापाची. हे रक्तातून येऊ शकतं. उद्या तू कुणाच्या ताटातली करंजी उचललीस, तर तुझाही पाट भिंतीला लागेल.”

आत्याचा चेहरा उतरला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिने फिल्म माझ्या हातातून घेऊन उजेडात धरली. मग म्हणाली, “माझा भाऊ हाय तो, खरंय. पन तुझा बाप हाय ना? मग तुझ्या रक्तात काय हाय, पोरी?”

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. इतके दिवस मी हा विचारच केला नव्हता.

आत्याने भिंतीचा पाट काढून मांडला. ती ओवाळत असताना अप्पांनी तबकातली सुपारी उचलून तोंडात टाकली. आत्या ओवाळत राहिली.

अप्पा आता नाहीत. तुमच्या घरात कोणी एकाएकी निर्लज्ज वागू लागलं, तर त्याला चव्हाट्यावर आणण्याआधी मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. लवकर कळलं तर इलाज होईल असं नाही, पण त्या माणसाची अब्रू तरी वाचेल.

आत्याला मी माफ केलेलं नाही. तरी दर दिवाळीला जाते. ओट्यावर आम्ही दोघी कांदा निवडायला बसतो आणि एकमेकींचे ढीग चोरून बघतो. मागच्या खेपेला माझ्या मोठ्या कांद्यांत एक गोल्टी निघाली. आत्याने ती उचलून गोल्टीच्या ढिगात टाकली आणि गल्लीत कुणाला सांगितलं नाही. तेवढ्यापुरते मी तिचे आभार मानते.